मिंगल होण्याची तालीम

मागच्या हिवाळ्यात मला एक पत्र आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. कारण होतं एक इंग्रजी क्रियापद!

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला इंग्रजी येत नसेल. मुळीच नाही! मी दारावरच्या बेलला घाबरतो, वाजणाऱ्या फोनला घाबरतो, लग्नातल्या 'या, फोटोला या'ला तर फारच घाबरतो. पण इंग्रजी क्रियापदांना मी घाबरत नाही. नाशिकरोडला प्रेसमध्ये आयुष्यभर मुद्रितं तपासली. लोक कादंबऱ्या वाचतात तसे मी शब्दकोश वाचले, तेही पुढे काय होणार या उत्सुकतेने. तेव्हा कुठलंही क्रियापद आणा, अर्थ सांगतो! वापराचं मात्र विचारू नका. तिथेच तर सगळा घोळ झाला.

पत्र नागपूरहून आलं होतं. यादवराव मेश्राम, निवृत्त मुख्याध्यापक. आमची नात साक्षी आणि त्यांचा नातू आयुष पुण्याला एकाच कंपनीत आहेत. काम करता करता त्यांनी एकमेकांना पसंत केलं आणि आम्हाला नंतर कळवलं. आजकाल हीच पद्धत आहे आणि ती सोयीचीही आहे. तर मेश्राम गुरुजींनी मोबाईलच्या जमान्यात शाईच्या पेनाने, समास सोडून, पत्र लिहिलं होतं. 'साखरपुड्याच्या आधी दोन्ही घरच्यांनी एकदा नाशकात भेटावं असं मुलांचं म्हणणं आहे. मानपान, सत्कार, भाषणं काही नकोत. लेट अस जस्ट मिंगल. आपलं मत कळवावं.'

मिंगल!

मी शब्दकोश काढला. मिंगल म्हणजे मिसळणे. इथवर ठीक होतं. पण खाली वापराचं वाक्य दिलं होतं: 'यजमान आपल्या पाहुण्यांत मोकळेपणाने मिसळला.' ते वाचून मला ऐन थंडीत घाम फुटला. कारण यजमान म्हणजे मीच की हो!

माझा पूर्वेतिहास तुम्हाला सांगायला हवा. आमच्या नवनाथच्या, म्हणजे साक्षीच्या वडिलांच्या लग्नात मी मांडवामागे आचाऱ्याच्या कांद्यांच्या गोण्यांवर बसून होतो. लग्न लागताना टाळ्या वाजल्या तेव्हा दोन माणसं मला शोधत फिरत होती. त्या लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाच फोटोत आहे आणि त्यातही पाठमोरा! अख्खं नाशिक मिसळीवर जगतं आणि मला मिसळता येत नाही, ही माझी व्यथा.

उत्तरात काय लिहू? 'अवश्य, मिंगल होऊ' लिहिलं तर खोटं. 'मला जमत नाही' लिहिलं तर नातीचं सासर सुरू होण्याआधीच शंका! कागद पुढे घ्यायचो, 'सप्रेम जयभीम' लिहायचो आणि पेनाचं टोपण लावायचो. शेवटी मुलांनीच फोनाफोनी करून पुढच्या महिन्यातला एक रविवार ठरवला. माझं उत्तर राहिलंच.

साक्षी तेव्हा घरून काम करायला म्हणून नाशकात आली होती. माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आजोबा, मी आयुषच्या घरी तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय. माझे आजोबा किती वाचतात, किती छान बोलतात!"

"छान बोलतो? कुणाशी?"

"माझ्याशी!" ती हसली. मग हसायची थांबली. "शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराशी उभे असायचे. मी स्टेजवरून नाच सोडून तुम्हाला शोधायचे. बाई ओरडायच्या. त्या रविवारी मला शोधायला लावू नका, आजोबा. समोर दिसा. बस, एवढंच."

मी शब्द दिला.

"शब्दकोशातून मिंगल कळणार नाही," ती म्हणाली, "ते करूनच कळतं. सोपं आहे. माणसाजवळ जायचं. हसायचं. नाव सांगायचं. त्याची चौकशी करायची, तो बोलेल ते ऐकायचं आणि पुढच्या माणसाकडे जायचं."

"जाताना आधीच्याला काय सांगायचं?"

"काहीच नाही."

"हे असभ्य नाही का?"

"नाही. हेच मिंगल! आणि सरावाला आपली सोसायटी आहेच."

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती भिमाबाई म्हणाल्या, "सराव? हे करणार? अगं, समोरच्या दारातले गायकवाड यांना फक्त पाटीवरून माहीत आहेत!"

"आणि हातांचं काय करू?" मी विचारलं. परक्या माणसासमोर उभं राहिलं की माझे हात मला कुणीतरी सांभाळायला दिलेल्या सामानासारखे वाटतात.

"जोडून ठेवा!" भिमाबाई म्हणाल्या. "निदान कुठे ठेवलेत ते तरी कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात जोडून घराबाहेर पडलो.

पहिल्या भेटल्या तळमजल्यावरच्या अक्काबाई. पेठ तालुक्यातल्या. बँकेत असलेल्या मुलाकडे राहतात आणि गेटजवळच्या कट्ट्यावर उन्हात बसून नागली, म्हणजे नाचणी, निवडतात. मी समोर उभा राहिलो, हसलो आणि म्हणालो, "मी निवृत्ती गांगुर्डे. दुसरा मजला."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "जिन्यानं सुळकन जाताना रोज पायते. तोंड आज पायलं. बरं हाय की!"

"तुमचं कसं चाललंय?"

"कसं चालायचं? नळाला धार नाय. समदं पानी वर जातं आन् आमी खाली सुकतो. तुमी बघा की जरा!"

"बघू," मी म्हणालो.

हा माझा आवडता शब्द आहे. त्यात हो नाही आणि नाहीही नाही. शिवाय तो चालता चालता म्हणता येतो! हाच शब्द आणखी एका धंद्यात फार चालतो, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग मी बेल वाजवायला लागलो. होय, मी! पहिल्या बेलला बोट लावताना वाटलं, विजेचा झटका बसेल. दार उघडायचं, मी हात जोडून हसायचो, नाव सांगायचो, चौकशी करायचो. एकजण म्हणाला, लिफ्ट मध्येच थांबते. एक बाई म्हणाल्या, कबुतरांनी जीव नको केलाय. गायकवाडांनी पार्किंगचं इतकं सविस्तर सांगितलं की मला त्यांच्या स्कूटरची दया आली. सगळ्यांना मी 'बघू' म्हणायचो आणि शेवटी काहीही न सांगता पुढच्या दाराकडे वळायचो. नियमच होता तसा!

आणि मंडळी, मला चक्क मजा येऊ लागली. गायकवाड पेटी वाजवतात! समोरच्या दारातून येणारा तो आवाज मी इतकी वर्षं त्यांच्या मिक्सरचा समजत होतो. आवाज तसाच आहे म्हणा, पण माणूस फार गोड. लोक मला आत बोलवायचे, चहा द्यायचे. रोज संध्याकाळी मी भिमाबाईंना नव्या बातम्या सांगायचो आणि त्या पोळी लाटता लाटता माझ्याकडे विचित्र नजरेने पाहायच्या.

पण थोडं नवलही वाटायचं. एक गृहस्थ माझा हात दाबून म्हणाले, "काका, अख्खी बी विंग तुमच्या पाठीशी आहे!"

साक्षीचं लग्न बी विंगने इतकं मनावर का घ्यावं? मी गहिवरून म्हणालो, "तुमचं प्रेम आहे. रविवारी नक्की या."

"येणारच! सगळे येणार!"

चौथ्या मजल्यावरचा कुंदन तर मला गेटवरच आडवा आला. कुंदनचा टूरिस्ट गाड्यांचा धंदा आहे, पण खरा जीव निवडणुकीत. महापालिकेच्या निवडणुकीत तो कुणा ना कुणाच्या मागे फिरत असतो. उमेदवार दमतात, कुंदन दमत नाही.

"काका, मानलं तुम्हाला!" तो म्हणाला. "एवढी वर्षं तोंड उघडलं नाही. त्यामुळे एक दुश्मन नाही! आणि बरोबर टायमाला बाहेर पडलात."

"पडावंच लागलं रे. रविवार जवळ आला."

"रविवारचं टेन्शन घेऊ नका. सगळं माझ्यावर सोडा. ढोलवाले सांगून ठेवतो."

"अरे, ढोल कशाला? घरगुतीच आहे. जेवणाचं तर आमची सून संजना बघतेच आहे."

कुंदन दोन पावलं मागे सरला. "जेवण पण? काका, तुम्ही तर छुपे रुस्तम!"

आता तुम्हाला कळलं असेल. तुम्हाला कळलं, सोसायटीला कळलं, गेटवरच्या कुत्र्यालाही कळलं असावं. मला नाही! आमच्या भागात एरवी न बोलणारा माणूस हात जोडून बेल वाजवतो आणि तब्येतीची चौकशी करतो, तो तीनच कारणांनी: लग्नाची पत्रिका द्यायला, विम्याची पॉलिसी गळ्यात घालायला किंवा निवडणुकीला उभं राहून. माझ्या हातात पत्रिका नव्हती. विमा विकण्याइतका धीट मी दिसत नाही. उरलं काय?

त्याच रविवारी सकाळी सोसायटीची वार्षिक सभा होती आणि तीत नवीन अध्यक्ष निवडायचा होता. नोटीस फळ्यावर लागली होती. मी ती वाचलीही होती. पण प्रेसमधली सवय! 'वार्षिक'मधला रफार चुकलाय एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. मी खिशातलं पेन काढून तो नीट केला आणि समाधानाने घरी आलो.

मग एका संध्याकाळी सोसायटीचा अध्यक्ष हर्षल आमच्या घरी आला. तरुण माणूस, पण सदा कपाळाला आठ्या. गच्चीला कुलूप आणि किल्ली याच्या कमरेला. मला वाटलं, देव पावला! पाहुण्यांना बसवायला गच्चीच हवी होती आणि ती मागायचा धीर होत नव्हता.

हर्षलने घसा साफ केला. "काका, स्पष्ट बोलू. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"गच्ची," मी म्हणालो.

"गच्ची?"

"हो. कुलूप काढून."

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी!" म्हणजे आमचे आणि नागपूरचे.

"काका, सगळ्यांना मोकळी केली तर बायका पापड वाळत घालतील. पोरं पतंग उडवतील."

"उडवू देत की! आनंदाचीच गोष्ट आहे."

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे तुमचं नक्की? आता माघार नाही?"

"माघार कशी घेऊ? नातीला शब्द दिलाय!"

तो चहा न घेताच झपाट्याने निघून गेला. मी भिमाबाईंना म्हणालो, "रागावला वाटतं." त्या म्हणाल्या, "असेल," आणि पदराआड हसल्या. पापडाचा विषय निघाल्यामुळे हसल्या असतील असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी कुंदन धावत आला. "गच्ची! काय मुद्दा काढलात काका! बायका आपल्या, पोरं आपली!" खाली सायकलवरची पोरं ओरडत होती, "गच्ची आमच्या हक्काची!" मला वाटलं, शाळेत नाटकबिटक असेल. मी त्यांनाही हात जोडले.

रविवार उजाडला. नवनाथ गाडी घेऊन स्टेशनवर पाहुण्यांना आणायला गेला. संजना आणि भिमाबाई स्वयंपाकात. मी इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीच्या कडेला बसलो होतो. एकदा कप उलटा धरून चहा ओतायला निघालो तेव्हा साक्षी म्हणाली, "आजोबा, खाली पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग आहे. शेवटचा सराव करून या. मन लागेल."

मी उतरलो. लोक दिसताच हात आपोआप जोडले गेले. आणि टाळ्या! मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मागे स्कूटर होती.

कुंदन खुर्चीवर चढला. "अध्यक्षपदासाठी मी नाव सुचवतो. ज्यांनी प्रत्येकाच्या दारी जाऊन प्रत्येकाचं ऐकलं, ते आपल्या सर्वांचे निवृत्तीकाका गांगुर्डे!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात एकेक दिवा पेटू लागला. बी विंग... ढोल... गच्ची... माघार!

"संमती असेल त्यांनी हात वर करा!"

हातांचं रानच उगवलं. मला ओरडायचं होतं, 'नाही हो, मी फक्त मिंगल होत होतो!' पण आवाज फुटेना. मग लहानपणी शाळेत बोलायची परवानगी मागायला करायचो तेच मी केलं. मीही हात वर केला!

"हे बघा!" कुंदन गरजला. "काकांचासुद्धा हात! बिनविरोध!"

आणि हर्षल? त्याचा हात सर्वांत उंच होता. तो धावत आला आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात कोंबून म्हणाला, "काका, तुमचे उपकार कसे फेडू? किती वर्षं सोडा म्हणत होतो, कुणी घेतच नव्हतं! त्या दिवशी तुमचं मन फिरू नये म्हणून चहासुद्धा न घेता पळालो." त्याच्या कपाळावरच्या आठ्या गायब होत्या. पुढे थोड्याच दिवसांत मला समजलं की त्या माझ्याकडे बदलून आल्यात.

तेवढ्यात ढोल सुरू झाले. कुणीतरी गुलाल उधळला. कुंदन आणि गायकवाड यांनी मला खांद्यावर उचललं. उंचावरून जग वेगळंच दिसतं, पण मी डोळे मिटून घेतल्याने मला ते दिसलं नाही.

डोळे उघडले तेव्हा गेटमधून नवनाथची गाडी आत येत होती.

गाडीतून आयुष उतरला, त्याचे वडील उतरले, आई उतरली. आईने दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाई! काय स्वागत करून राहिले हे लोक! आणि खांद्यावर कोण आहेत ते?"

जिन्याच्या तोंडाशी साक्षी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, पाहुणे तिच्याकडे बघत होते. मागाहून तिने त्यांना माझे आजोबा परक्यांत अबोल आहेत, लाजाळू आहेत, सांभाळून घ्या, असंही सांगून ठेवलं होतं! माझा जीव अर्धा झाला. पोरगी खोटी पडली, तीही माझ्यापायी. समोर दिसायचा शब्द मी दिला होता खरा. पण आता मी पार तिकडच्या जेलरोडवरूनही दिसत होतो!

साक्षीचे ओठ थरथरले. मला वाटलं, रडणार. आणि ती इतकी जोरात हसली की ढोलवाला थांबला!

"ते," ती म्हणाली, "माझे आजोबा!"

त्या 'माझे'वर तिने जो जोर दिला, तो कुठल्याही शब्दकोशात नाही.

पुढची दोन मिनिटं फारशी आठवत नाहीत. आयुषच्या वडिलांनी ढोलाच्या तालावर खांदे उडवायला सुरुवात केली एवढं आठवतं. मला खाली उतरवल्यावर मी भिमाबाईंना कोपऱ्यात गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मग मला का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्या भुवईवरचा गुलाल पदराने पुसला. "रोज संध्याकाळी घरी आलात की पोळ्या होईपर्यंत लोकांचं बोलत बसायचात. मला ऐकायचं होतं."

मग मी गच्चीचं कुलूप काढलं आणि सगळी सोसायटी पाहुण्यांबरोबर वर चढली. कुणालाच बोलावलं नव्हतं आणि सगळ्यांनाच बोलावलं होतं, मीच, हात जोडून! संजनाने डोक्याला हात लावला. पण घराघरांतून पातेली वर येऊ लागली. अक्काबाईंनी नागलीच्या भाकरी आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा आणला. आयुषच्या आईने तो ठेचा चाखला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आमच्या सावजीला भारी आहे!" आणि आणखी घेतला. पोरांनी पतंग सोडले. गायकवाडांनी पेटी आणली. मी दाराशी न थांबता एकेका पाहुण्याजवळ गेलो, हसलो, नाव सांगितलं, चौकशी केली. लांबून साक्षी बघत होती. तिला मला शोधावं लागत नव्हतं.

सगळे भेटले. एक माणूस भेटेना. पत्र लिहिणारे मेश्राम गुरुजी कुठे होते?

"बाबा इथेच होते," आयुषची आई म्हणाली आणि पुन्हा ठेच्याकडे वळली.

मी गच्चीभर फिरलो. जिन्याच्या खोलीत नाहीत, कठड्याशी नाहीत. शेवटी पाण्याच्या टाकीमागे डोकावलो. तिथे उपड्या बादलीवर एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ भाकरी गुंडाळून आणलेलं जुनं वर्तमानपत्र वाचत बसले होते. मला पाहताच ते दचकून उठले. त्यांना हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून त्यांनी ते जोडले.

"मी यादव मेश्राम," ते म्हणाले.

"मी निवृत्ती गांगुर्डे."

मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"आपण फारच लोकप्रिय..." ते चाचरत म्हणाले.

"नाही हो! अजिबात नाही! हे सगळं तुमच्या त्या शब्दामुळे झालं."

"मिंगल?" ते बादलीवर बसलेच. "तो माझा नाही हो. सूनबाई म्हणाली, बाबा, जरा आजच्या पद्धतीचं लिहा. मी घातला आणि पस्तावलो. तुमचं उत्तर आलं नाही. वाटलं, तुम्हाला राग आला. आज गाडीतून उतरलो, ढोल ऐकले, गुलाल पाहिला. म्हटलं, माझ्या एका शब्दाचा हे लोक सूड घेताहेत! तडक जिना चढून वर आलो. गच्चीला कुलूप होतं. तुम्ही सगळे आलात तसा बाजूला सरून मागे उभा राहिलो आणि उघडल्याबरोबर इथे शिरलो."

"आणि तुम्ही आधी काय लिहिलं होतंत?"

गुरुजी जरा लाजले. "मी लिहिलं होतं, 'दोन घटका शेजारी बसू.'"

मी दुसरी बादली ओढली. त्यांनी वर्तमानपत्राचं आतलं पान मला दिलं. आम्ही वाचू लागलो. पलीकडे पेटी वाजत होती, माणसं हसत होती, पतंगावरून पोरांची भांडणं चालली होती आणि टाकीच्या सावलीत आम्ही दोन म्हातारे शिळ्या बातम्या वाचत होतो. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. छपाईची चूक होती. मी मान डोलावली. त्यांनीही डोलावली. याहून जास्त बोलण्याची गरज कुणाला असते?

"आजोबा!"

साक्षी कमरेवर हात ठेवून उभी होती. "शब्द दिला होता ना? पुन्हा शोधायला लावलंत!"

मी उठायला लागलो. पण तिची नजर गुरुजींवर गेली, मग दोन बादल्यांवर, मग वाटून घेतलेल्या वर्तमानपत्रावर. ती गेली आणि दोन ताटं वाढून घेऊन आली. आमच्या पुढ्यात ठेवून हळूच म्हणाली, "झालात मिंगल?"

"होतोय अजून," मी म्हणालो. "हे क्रियापद जरा सावकाश चालतं."

पाहुणे गेले, साखरपुड्याची तारीख ठरली आणि माझ्या दारावरची बेल सुरू झाली. पाणी, लिफ्ट, कबुतरं! गेल्या आठवड्यात शब्दकोश उघडला तर त्यात पार्किंगची तक्रार खूण म्हणून घातलेली! शेवटी एका सकाळी मी दार लावून घेतलं आणि मेश्राम गुरुजींना राहिलेलं उत्तर लिहिलं. या वेळी पेन अडलं नाही. 'सप्रेम जयभीम. आपल्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, क्षमा असावी. थोडे दिवस नागपूरला येऊन आपल्या शेजारी बसावं म्हणतो. बोलायचं बंधन नको. मी एकटाच येतो.'

पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीकडे निघालो.

"कुनाला पत्र?" कट्ट्यावरून अक्काबाईंनी विचारलं.

पूर्वीचा मी असतो तर सुळकन निघून गेलो असतो. पण आता सवय वाईट! थांबलो, हसलो आणि सांगून टाकलं, "नागपूरला चाललोय. मेश्रामांकडे."

"नागपूर? मला बी पायचं हाय! ती ठेचा खानारी बाय सांगत व्हती, सावजी का काय ते खायला या म्हनून."

वरच्या खिडकीतून गायकवाड म्हणाले, "अध्यक्ष नागपूरला? मग दीक्षाभूमीला जाऊ सगळे! मी पेटी घेतो." मागून आमच्या भिमाबाईंचा आवाज आला, "मला न सांगता कोण निघालंय?" मी घाईने चालू लागलो. गेटपाशी कुंदन उभाच होता.

"अध्यक्षसाहेब, बस माझ्याकडून! सीटं तर आताच भरायला लागली. हर्षलने खिडकीसुद्धा मागितली!"

मी पेटीपाशी पोचेपर्यंत मागे चांगलीच मिरवणूक जमली होती. सगळे माझ्याकडे अशा प्रेमाने बघत होते की 'नाही' हे एवढंसं अव्यय मला उच्चारता येईना. खिशातून पेन काढलं, पाकीट लाल पेटीच्या पत्र्यावर धरलं आणि पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलं:

'ता. क. आत "एकटाच" असा शब्द आहे, तो खोडला असं समजावं. आपल्या गल्लीत बस वळते का ते बघून ठेवावं. आणि शक्य झाल्यास आम्ही पोचण्याआधीच कुठेतरी आडोशाला दोन बादल्या उपड्या घालून ठेवाव्यात.'

आणि डोळे मिटून पत्र पेटीत टाकलं.